गोठ्याच्या वाटेचे स्वच्छ चित्र

हे लिहायला बसताना माझा राग शमलेला नाही, आणि तो शमेपर्यंत थांबावे असेही मला वाटत नाही. शेजारच्या आप्पांची सून दसऱ्याच्या पहाटे धारा काढायला गोठ्याकडे निघाली आणि बिबट्याने तिच्या खांद्याचा लचका तोडला. त्या वाटेवर कॅमेरा होता. कॅमेऱ्यामागे, आजवरचे सर्वांत प्रगत म्हणून मिरवणारे, संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणारे ग्राफिक्स कार्ड होते. त्या कार्डाने त्या पहाटे वाट मोकळी असल्याचे निर्मळ, रेखीव चित्र दाखवले होते. मी संध्या-पूजा चुकवत नाही, कुणावर आवाज चढवणे मला जमत नाही, आणि क्रोधाने बुद्धी झाकोळते हे मी वर्गात असंख्य वेळा समजावून सांगितले आहे. तरीही हा राग मला अयोग्य वाटत नाही. तो कशावर आहे हे नीट सांगायचे, तर कार्डांची हकीकत आरंभापासून सांगावी लागेल.

शिरूरच्या विद्यालयात मी संस्कृत शिकवत असे. तिथे पहिला संगणक आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी खोली रंगवून घेतली होती. खिडक्यांना जाड पडदे होते आणि पादत्राणे दाराबाहेर काढल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. नियम धुळीच्या भीतीने केलेला होता, पण मला तो फार आवडला. देवघरात जावे तसा मी त्या खोलीत जाई. काळ्या पडद्यावर पिवळसर रोमन अक्षरे उमटत. चित्र असे काही नव्हतेच. पुढे पुण्याहून एक लांबरुंद हिरवे कार्ड आले. ते यंत्राच्या पोटात बसवले आणि पडद्यावर देवनागरी उमटली. अक्षरे ओबडधोबड होती, तिरप्या रेषा पायऱ्यांसारख्या तुटक होत्या, पण त्या दिवशी मी त्या कार्डाला मनोमन नमस्कार केला. डोळ्याला रूप दिसावे म्हणून कुणीतरी एवढी खटपट केली, हीच गोष्ट मला पूज्य वाटली.

विज्ञानाचे शिक्षक शेजारी उभे होते. ते हसून म्हणाले, "गुरुजी, उद्या ह्याला नैवेद्य दाखवाल!"

"ह्याचा नैवेद्य वीज," मी म्हणालो. "आणि ती आपल्याकडे दुपारी नसते."

तेव्हापासून कार्डे हा माझा नाद झाला. निवृत्तीनंतर मी गावी राहायला आलो. गाव दौंड तालुक्यात, राहू गावाच्या बाजूला. नदीपलीकडे शिरूर तालुका. नवे कार्ड आणायचे तर पुण्याला जावे लागे आणि परतताना एस.टी.त मी ते खोके मांडीवर घेऊन बसे. एकदा शेजारच्या बाईंनी विचारले, "नातवाला केक का, बाबा?" मी हो म्हटले, कारण खरे उत्तर देण्याइतका प्रवास शिल्लक नव्हता.

कार्ड घेऊन मी काय करीत होतो, याचे लोकांना कुतूहल असे. यज्ञात पंख पसरलेल्या श्येनाच्या, म्हणजे ससाण्याच्या, आकाराची विटांची वेदी रचत. तिचे थर एकमेकांवर कसे बसतात हे फळ्यावर दाखवता येत नाही. म्हणून ती वेदी मी संगणकावर वीट वीट करून रचली. पहिल्या कार्डावर तिला वळण्याची आज्ञा देऊन मी संध्येला बसे. संध्या आटोपून यावे तर ती जेमतेम कुशीवर झालेली असे. पुढच्या कार्डावर ती बोटासरशी फिरू लागली. त्यापुढच्यावर विटांना सावल्या आल्या. मग एक कार्ड असे आले की वेदीजवळ पाण्याचे भांडे ठेवले तर त्यात विटांचे प्रतिबिंब पडावे, आणि पाणी हलले तर प्रतिबिंबही हलावे. ते मी कितीतरी वेळ नुसते पाहत बसलो होतो. आमच्या भागात गुऱ्हाळे फार. त्यांच्या चुलवाणाची काजळी वाऱ्याबरोबर घरात येते आणि कार्डाच्या पंख्यात बसते. ती मी दर अमावास्येला रंगाच्या जुन्या ब्रशाने आणि सायकलच्या पंपाने काढत असे. त्या कामात मला जपासारखे समाधान मिळे.

राग पुढे आला, आणि तो थोडा थोडा आला. एक धडधाकट कार्ड होते. कार्डाशी बोलायला यंत्राला जी आज्ञावली लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात. त्या कार्डासाठी यापुढे ड्रायव्हर निघणार नाहीत, असे ते बनवणाऱ्या कंपनीने एका सकाळी जाहीर केले आणि माझ्या टेबलावर व्यवस्थित चालणारी वस्तू मृत ठरली. बैल थकला म्हणून दावणीवरून सोडतात हे मी पाहिले आहे. हा तर औताला जुंपलेला, चालता बैल होता. मग काही वर्षे कार्डे बाजारातून नाहीशीच झाली. संगणकावर आभासी नाणी पाडणाऱ्यांनी ती पोत्यांनी उचलली. हल्ली मोठमोठ्या थंडगार इमारतींत यंत्रांना बोलायला शिकवतात. कार्डे तिकडे जातात, आणि आमच्यासारख्याने दुकानात विचारले की दुकानदार कीव आल्यासारखा पाहतो.

त्याच सुमारास कार्डे एक नवी कला शिकली. दोन चित्रांच्या मध्ये एक तिसरे चित्र ती स्वतःच कल्पून घालू लागली, म्हणजे पडद्यावरची हालचाल अधिक सळसळीत भासावी. पुण्याच्या दुकानात एका तरुण विक्रेत्याने मला ते मोठ्या अभिमानाने दाखवले.

मी विचारले, "हे मधले चित्र कुणी काढले?"

"कुणीच नाही, काका. कार्ड अंदाज लावतं."

"हा अंदाज आहे, असे पडद्यावर कुठे लिहून येते का?"

"अहो, गेममध्ये कोण बघतंय ते!"

खेळापुरते असेल, असे म्हणून मी गप्प राहिलो. पण ते कार्ड मी घेतले नाही.

दरम्यान आमच्या उसात बिबटे वाढले होते. नदीच्या दोन्ही काठांना तीच गत. ऊस म्हणजे त्यांचे रानच झाले. त्यातच ते वितात, त्यातच पिल्ले वाढवतात. संध्याकाळी अंगणे ओस पडू लागली. पलीकडच्या काही गावांत बायका शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या. आप्पांचा गोठा घरापासून जरा दूर, उसाच्या अगदी कडेला आहे. सूनबाईंना पहाटे अंधारात तिथे जावेच लागते, कारण डेअरीची गाडी उजाडताना येते आणि कुणासाठी थांबत नाही. आप्पांचा मुलगा कंपनीत रात्रपाळीला असतो आणि आप्पांचे गुडघे चालत नाहीत. घरापासून गोठ्यापर्यंतची ती वाट सूनबाईंनी रोज सुखरूप ओलांडावी, एवढाच आमचा प्रश्न होता.

माझ्या मनात आले की इतकी वर्षे कार्डांकडून दाखवण्याचे काम करून घेतले; आता पाहण्याचे काम घ्यावे. गोठ्याच्या वाटेवर खांबाला कॅमेरा लावायचा, त्याची तार माझ्या घरी आणायची आणि कार्डाला बिबट्या ओळखायला शिकवायचे. त्यासाठी जरा ताकदीचे कार्ड हवे होते. सणसवाडीला भाड्याच्या खोलीत राहणारा एक बिहारी कामगार गावी परत चालला होता आणि त्याचे खेळाचे कार्ड विकत होता, असे कळले. मी गेलो. खोलीत दोरीवर कपडे, कोपऱ्यात स्टोव्ह, आणि भिंतीशी रंगीत दिव्यांचा तो संगणक. त्याने माझ्या धोतराकडे पाहिले.

"बाबा, आप गेम खेलोगे?"

"नाही रे. तेंदुआ बघायचाय."

"गेम में?"

"खेत में."

तो खो खो हसला, मग एकदम थांबला. त्याने कार्ड स्वतः काढून दिले, पंखा पुसून दिला आणि म्हणाला, "गरम बहुत होता है, बाबा. पर झूठ नहीं बोलता." कार्ड चालू स्थितीत आहे, एवढेच त्याला म्हणायचे होते.

सुरुवातीला फजितीच झाली. तयार मिळणाऱ्या आज्ञावलीला बिबट्या माहीत नव्हता. ती त्याला मांजर म्हणे, आप्पांच्या खिलार बैलाला घोडा म्हणे, आणि एकदा घोंगडी पांघरून शेकत बसलेल्या आप्पांना तिने अस्वल ठरवले. मी ते त्यांना दाखवले.

"गुरुजी, तुमच्या मशिनला म्हणावं, अस्वल डेअरीला दूध घालत न्हाई!"

वनखात्यातल्या एका माजी विद्यार्थ्याकडून मी बिबट्यांची छायाचित्रे मिळवली आणि प्रत्येकात बिबट्याभोवती हाताने चौकट आखून कार्डाला शिकवले. तो चैत्र होता. कार्ड दिवसचे दिवस भणभणत राही आणि मी खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडी. शेवटी ते शिकले. बिबट्या दिसला की आप्पांच्या घरावरचा भोंगा वाजे. सूनबाई पहाटे ओट्यावर येत आणि माझ्या खिडकीकडे तोंड करून विचारत, "भोंगा गप हाय ना, गुरुजी?" मी जागाच असे. पडदा पाहून "गप आहे" म्हणे, आणि मग त्या कॅन उचलत. दोनदा त्या उंबऱ्यातूनच मागे फिरल्या, आणि दोन्ही वेळा सकाळी चिखलात ठसे सापडले.

चित्र मात्र ओबडधोबड होते, हे मान्य केले पाहिजे. रात्री कॅमेऱ्याच्या, माणसाला न दिसणाऱ्या उजेडाला चिलटे-पाखरे येतात, पाखरांमागे कोळी येतो, आणि कोळी थेट काचेवर जाळे विणतो. जाळे वाऱ्याने हलले की कार्ड बिचकायचे आणि भोंगा वाजायचा. कधी दव, कधी पाल. दर दोन-तीन दिवसांनी सूनबाई काठीला फडके बांधून काच पुसत. वस्तीवरचे लोक वैतागले. "गुरुजींचा भोंगा पाल बघून बोंबलतो," असे टोमणे कानावर येत. अखेर ग्रामपंचायतीने एका ठेकेदाराकडून नवी यंत्रणा बसवायचे ठरवले. सगळ्या वस्त्यांवर कॅमेरे, कार्यालयात संगणकाची एकच पेटी, पेटीत नवे कोरे कार्ड, आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर चित्र. बिबट्या नसेल तर चित्राखाली हिरव्या अक्षरांत 'मार्ग सुरक्षित'.

ठेकेदाराचा इंजिनिअर प्रात्यक्षिक द्यायला आला. मराठीच होता, पण हिंदी-इंग्रजीशिवाय त्याचे वाक्य पुरे होत नसे. त्याने आप्पांच्या कॅमेऱ्याचे जाळ्यांनी भरलेले चित्र लावले, एक बटण दाबले, आणि जाळी नाहीशी झाली. मागे उसाचे पान न् पान दिसू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारले, "जाळ्यामागे काय आहे, हे त्याला कसे कळले?"

"एआय फिल करतं, सर. आधीच्या फ्रेम्स लक्षात ठेवतं ना. लेन्सवर डस्ट, जाळं, काहीही असू दे, पिक्चर एकदम क्लिअर."

"आणि आधी नव्हते असे काही त्या जाळ्यामागे येऊन उभे राहिले तर?"

तो माझ्याकडे पाहून हसला. "सर, तुम्ही खूपच डीप विचार करता."

सरपंच सौम्य माणूस. ते म्हणाले, "गुरुजी, तुमचे उपकार हायेतच. पण तुमचं कार्ड आता म्हातारं झालं. त्याला बसू द्या जरा." सगळे हसले, आप्पाही हसले. खांबावरची माझी तार काढून त्यांची लावली गेली. सूनबाई पहाटे आता मोबाइल पाहून निघू लागल्या. काच पुसण्याची गरजच उरली नाही, असे इंजिनिअरने सांगितले होते. ती कुणी पुसेनासे झाले.

आणि खंडेनवमी आली. ज्या अवजाराने घर चालते त्याची त्या दिवशी पूजा करतात. आप्पांनी ट्रॅक्टर धुतला, कोयते-विळे मांडले, पाण्याच्या मोटारीला आणि कडबाकुट्टीला हार घातला. मग त्यांना वाटले, सुनेची राखण करणारा तो कॅमेरा का वगळायचा? दुखऱ्या गुडघ्यांनी ते स्टुलावर चढले. खांबाला झेंडूची माळ बांधली आणि कॅमेऱ्याच्या गोल, काळ्या, गुळगुळीत काचेला कपाळ समजून ओल्या कुंकवाचा भरघोस टिळा लावला. वर अक्षता चिकटवल्या. मी त्या दिवसांत दौंडला एका विद्यार्थ्याच्या घरी नवरात्राच्या पाठासाठी होतो. हे सारे मला नंतर कळले.

दसऱ्याच्या पहाटे सूनबाईंनी मोबाइल उघडला. चित्र स्वच्छ होते. खाली हिरवी अक्षरे होती. त्या कॅन घेऊन निघाल्या. बिबट्याने आधीच कालवड मारली होती आणि तो तिच्यावर बसला होता. अंगावर आला तेव्हा सूनबाईंनी हातातला कॅन त्याच्या तोंडावर हाणला, म्हणून वार गळ्याऐवजी खांद्यावर आला. आप्पा घरातून नुसते ओरडत होते. गुडघे त्यांना दारापर्यंतही नेईनात. फोनवर ते मला एवढेच म्हणाले, "गुरुजी, पोरीला फाडलं हो." मी पाठ अर्धा ठेवून निघालो. नवरात्राचा पाठ अर्धा सोडण्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ.

टाके घालून, हात गळ्यात बांधून त्या घरी आल्यावर ग्रामपंचायतीत बैठक झाली. तोवर गावाने निकाल देऊन टाकला होता. वनखात्याच्या लोकांनी पाहणी केली तेव्हा काचेवरचा टिळा सगळ्यांनी पाहिला होता.

"आप्पा, कॅमेऱ्याला कुंकू लावलं, बांगड्या न्हाई भरल्या व्हय?" एकाने विचारले आणि चार जण हसले. आप्पा मान खाली घालून बसले होते. ज्याची सून मरता मरता वाचली, तो म्हातारा माणूस भर सभेत हास्याचा विषय झाला होता.

इंजिनिअरने आपली बाजू मांडली. त्याने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. "बघा, कुंकू असूनसुद्धा आमची सिस्टिम फेल नाही. हे त्या पहाटेचं रेकॉर्डिंग. एकदम क्लिअर. बिबट्या या वाटेवर आलाच नाही, तो मागच्या बाजूने आला असणार. आणि सॉरी, पण वहिनींचं लक्ष मोबाइलवर असेल. आजूबाजूला बघायला पाहिजे ना माणसाने."

पडद्यावर ती वाट होती. ऊस, गोठ्याचे दार, दाराबाहेर खुंटीला बांधलेली कालवड. पान हलत नव्हते. इतके देखणे चित्र माझ्या जुन्या कार्डाने कधी दाखवले नव्हते.

सूनबाई मागे बायकांत बसल्या होत्या. त्या उठून पुढे आल्या.

"परत दावा."

त्याने दाखवले.

"ही येळ बरोबर हाय ना? वर आकडे हायेत ते?"

"हो, वहिनी. तुम्ही गेलात तीच वेळ. आधीची पाच मिनिटं, नंतरची पाच मिनिटं."

"मग मी कुठं हाय?"

त्या पडद्याजवळ सरकल्या.

"म्या ह्याच वाटंनं गेले. दुसरी वाटच न्हाई. कॅन घेऊन गेले, वरडले, पडले. ह्याच्यात मी कुठंच न्हाई. आन् ही कालवड बघा कशी गुमान हुबी हाय. ती तवा मेली हुती." त्यांनी चांगल्या हाताचे बोट पडद्यावर टेकवले. "ह्ये कवाचं चित्र दावताय तुमी आमाला?"

इंजिनिअरचा चेहरा उतरला. त्याने घाईघाईने मोबाइल काढला आणि पुटपुटला, "एन्हान्स ऑन आहे म्हणून... एक मिनिट." अंगठ्याने त्याने कुठलीशी खूण काढली. रेकॉर्डिंग संपून लॅपटॉपवर आत्ताच्या घटकेचे चित्र आले होते. ते क्षणात बदलले. मधोमध एक काळाकुट्ट डाग उरला. त्यावर अक्षतांचे पांढरे ठिपके होते, आणि कडेला उसाची चार पाने. काच अजून तशीच होती. खंडेनवमीपासून गावातले निम्मे मोबाइल याच डागाला 'मार्ग सुरक्षित' म्हणत होते.

"बघितलंत?" इंजिनिअर म्हणाला. त्याला जणू सुटका मिळाली होती. "कुंकू! प्रॉब्लेम कुंकवाचाच आहे. अंधश्रद्धेपुढे टेक्नॉलॉजी काय करणार?"

त्या वेळी माझा आवाज चढला. इतका की बाहेर उभी असलेली माणसे आत आली.

आम्ही पाठशाळेत न्याय आणि मीमांसा शिकलो तेव्हा अभावाचे ज्ञान कसे होते, यावर आचार्यांनी आम्हाला कित्येक दिवस घोळवले होते. जमिनीवर घडा नाही, असे म्हणण्याचा अधिकार कुणाला? घडा असता तर तो मला दिसलाच असता, अशा स्थितीत जो उभा आहे, त्यालाच. पुरेसा उजेड हवा, डोळा निर्दोष हवा, मध्ये आडोसा नको. अंधाऱ्या खोलीत उभे राहून 'घडा नाही' म्हणणाऱ्याला घड्याविषयी काहीच ठाऊक नसते. त्याला फक्त 'मला दिसत नाही' एवढेच म्हणता येते. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हे समजत होते. आणि सावल्या पाडणारे, प्रतिबिंबे रंगवणारे, जगातल्या बुद्धिमंतांनी वर्षानुवर्षे घडवलेले हे कार्ड! त्याला कुणी एवढे एक वाक्य शिकवले नव्हते. त्याचा डोळा झाकला गेला आणि त्याने कालची आठवण आज म्हणून दाखवली. वर हिरव्या अक्षरांत ग्वाही दिली.

मी त्या मुलाला म्हणालो, "आप्पांनी कुंकू लावले ते सर्वांना दिसेल असे लावले. खांबाला झेंडूची माळही आहे. त्यांनी काय लपवले? गुरुजींच्या म्हाताऱ्या कार्डावर हा डाग त्याच दुपारी दिसला असता, आणि ह्या मुलीने काठीला फडके बांधून तो पुसला असता. डाग तुमच्या पेटीने पुसला, तोही काचेवरून नव्हे, चित्रातून! आणि ही तिथे रक्तात पडली होती, तर हिलाही पुसले. हे करणाऱ्याला तुम्ही प्रगत म्हणता, आणि ज्याने भक्तिभावाने टिळा लावला त्याला अडाणी म्हणता?"

"सर, तो ऑप्शन असतो. सेटिंगमध्ये आहे. बंद करता येतो."

या उत्तराने मी जितका संतापलो तितका कशानेच संतापलो नाही. बंद करता येत होते. एका अंगठ्याने, एका क्षणात. हे कुणाला सांगावेसे वाटले नाही, कारण स्वच्छ चित्राला टाळ्या मिळतात. मी अनेक वर्षे ज्या विद्येला नमस्कार करीत आलो, तिने वाढता वाढता हे साधले होते. टिळ्यावरून हसणारे चार जण आता जमिनीकडे पाहत होते. आप्पा मात्र अजून मान वर करत नव्हते. सूनबाईंनी जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "चला मामा, घरी," एवढेच त्या म्हणाल्या.

मी सरपंचांकडून त्या पेटीत फेरबदल करण्याची परवानगी मागून घेतली. मागितली म्हणजे, मिळेपर्यंत कार्यालयातून उठलो नाही. ठेकेदाराने खळखळ केली. मी त्याला भर कार्यालयात जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही. चित्र सुधारण्याची ती सोय सगळ्या वस्त्यांवर बंद झाली. हिरवी अक्षरे काढली. मग मी भोंगा त्या पेटीला जोडला आणि आज्ञावलीत एक भर घातली. बिबट्या दिसला तर भोंगा वाजेल. आणि काच झाकली, चित्र गढूळ झाले, वाट नीट दिसेनाशी झाली, तरीही भोंगा वाजेल. न दिसणे हाही धोकाच आहे, असे मी त्या कार्डाला शिकवले. भोंगा पुन्हा पालीला बिचकू लागला. वाजू दे.

मार्गशीर्षात नदीवरून दाट धुके आले. ऊसतोड सुरू झाली होती आणि अर्धे फड मोकळे होते. बिबटे उरलेल्या उसात दाटले होते. पहाटे कॅमेऱ्याला पांढऱ्याफटक धुक्याशिवाय काही दिसेना आणि भोंगा जो सुरू झाला तो थांबेचना. पलीकडच्या वस्तीवरचे गृहस्थ कानाला मफलर गुंडाळून माझ्या अंगणात आले.

"गुरुजी, बंद करा ते! पोरंसोरं उठून बसली. बिबट्या तरी हाय का?"

"ठाऊक नाही."

"मग कशापायी बोंबलतोय त्यो?"

"त्यालाही ठाऊक नाही, म्हणूनच."

"आन् आमची झोप?"

"तुमची झोप मोडली तर दुपारी पुरी करा. तिचा खांदा अजून वर होत नाही. बंद होणार नाही."

ते शिव्या घालत गेले. मी ऐकून घेतल्या. आप्पांच्या ओट्यावर सूनबाई शाल पांघरून बसल्या होत्या, कॅन शेजारी रिकामा. गोठ्यात गाई हंबरत होत्या. रस्त्यावर डेअरीची गाडी आली, दोनदा हॉर्न वाजवून निघून गेली. त्या दिवशीचे दूध गेले. आप्पा आतून धुक्याला, गाडीवाल्याला आणि बिबट्याच्या सगळ्या पूर्वजांना शिव्या देत होते. बैठकीनंतर त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

सूनबाईंनी माझ्या खिडकीकडे तोंड करून हाक मारली. "गुरुजी, दिसतंय का काय?"

"नाही दिसत."

"मग बसते," त्या म्हणाल्या, आणि शाल घट्ट ओढून भिंतीला टेकून बसल्या.